वास्कोची मावशी

"तुम्हाला सिकल बीटा थॅलेसेमिया आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. त्यामुळेच माझ्या उजव्या खुब्याचं हाड मेलं होतं. मी एकोणतीस वर्षांची, गोव्यात डिचोलीत शिक्षिका. लहानपणापासूनच्या या दुखण्याला घरात वात म्हणायचे.

"हे आई आणि वडील, दोघांकडून येतं. दोघांचं रक्त तपासू."

बाबांनी लगेच रक्त दिलं. त्यांच्यात थॅलेसेमियाचा अंश निघाला. म्हणजे विळ्याचा अंश आईकडचा. आई बाकावरून उठेना. "आमच्या पेडण्याच्या घरात असलां काय ना."

खुबा बदलायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी, एक्स-रेच्या रांगेत, आई माझ्याकडे न बघता बोलली. "माका एक भैण आसा. वास्कोत."

तिने सांगितलं, आजीची, म्हणजे तिच्या आईची, पणजी पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणलेली गुलाम होती. लग्नात ते लपवलं होतं. धाकटी मुलगी काळी, दाट कुरळ्या केसांची जन्मली आणि सगळं उघड झालं. गोवा नुकता मुक्त झाला होता. आजोबांच्या पेडण्याच्या घराने आजीला तान्ह्या पोरीसकट बाहेर काढलं, 'खाप्री' म्हणून. आफ्रिकन गुलामांसाठीची ती आमच्याकडची शिवी. आई गोरी, सरळ केसांची. तिला ठेवून घेतलं. 'माझी आई मेली' असं सांगायला तिला शिकवलं. आजी वास्कोत मजुरी करत वारली.

हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "हा दोष अनेक समाजांत असतो. त्यावरून कुणाचं कूळ ठरत नाही. पण मावशीला भेटा, तिच्या घरातही हा आजार असू शकतो."

मावशीने दार उघडलं. माझी काठी बघून म्हणाली, "खुबो?" तिच्या मुलीला हाच आजार. "पाचव्या वर्सा कळ्ळें. रोज गुळी घेता. बरी चलता." मग आईकडे वळली. "दोन फावटी पत्र बरयलें तुका. चलयेचें रगत तपास म्हणून." दोनदा लिहिलं होतं तिने, मुलीचं, म्हणजे माझं, रक्त तपास म्हणून.

"मेळलीं," आई म्हणाली. "जाळलीं मियां."

आठ दिवस मी आईशी बोलले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मावशी आली. पेडण्याहून आईचे चुलतभाऊही आले होते. सिस्टरने मावशीकडे बघून विचारलं, "या कोण पेशंटच्या?" आई उभी राहिली. "माझी सख्खी बहीण." चुलतमामा चपला घालून निघून गेले.

मी आता चालते, पण डावा खुबाही दुखू लागलाय. तुमच्या घरातून कुणाला तोडलेलं असेल, तर त्या माणसाचं दुखणंही डॉक्टरांना सांगा. मला ते उशिरा कळलं, तेही मावशीमुळे.

आई दर रविवारी वास्कोची बस धरते. मावशी तिला आत घेते, चहा देते. 'ताई' अजून म्हणत नाही.