केशरबाईची सैल गाठ

पाऊस लांबला की आमच्या गावात दोन गोष्टी व्हायच्या. भिमाजीआबा पारावर बसून आभाळाला शिव्या घालायचे, आणि तरणी पोरं केशरबाईच्या दारात जाऊन उभी राहायची. शिव्या अजून चालू आहेत. केशरबाईच्या दारात मात्र आता कुणी जात नाही, आणि त्याचाच मला संताप आहे.

मी बनुबाई. केशरच्या भिंतीला भिंत लावून माझी पिठाची गिरणी. जामखेडपासून आत असलेल्या आमच्या गावाला मुद्दाम कुणी येत नाही, पण गावात काही झालं की ते दळणाच्या डब्याबरोबर आधी माझ्याकडं येतं.

आमच्याकडं पावसासाठी धोंडी काढतात. बेडूक लिंबाच्या पाल्यात बांधून काठीला लटकवायचा, दोघांनी ती काठी खांद्यावर घ्यायची आणि घरोघर फिरायचं. घरची बाई बेडकावर तांब्याभर पाणी ओतते, पसाभर धान्य देते. शेवटी बारवेवर जायचं. बेडकानं सगळ्यांच्या देखत पाण्यात उडी मारली, की मग मारुतीपुढं पंगत. आणि आमच्या गावचं एक जास्तीचं खूळ आहे: ज्या घरच्या पाण्याखाली बेडूक मरेल, ते घर पाऊस अडवणारं.

म्हणून बांधायला केशर लागायची. तिचा बाप विहिरींचा गाळ काढायचा. त्याच्याबरोबर लहानपणी विहिरीत उतरून उतरून तिला बेडकांची किळस कशी ती ठाऊकच नाही. लग्न होऊन आली त्या साली बेडूक धरायला बाप्ये मागं सरकायला लागले, तेव्हा या नव्या नवरीनं पदर खोचला आणि धरला. सासूनं कपाळावर हात मारून घेतला म्हणे. तेव्हापासून काम तिचंच झालं. ओलं फडकं गुंडाळायची आणि वरून गाठ अशी सैल मारायची की बेडकाला वाटावं, आपणच बसलोय निवांत. तिच्या हातचा बेडूक कधी दगावला नाही.

शिवाय तिला त्यांच्यातला फरक कळायचा. आपल्याला सगळे सारखेच, डराव डराव. ती सांगायची, पावसात हळदीसारखा पिवळा होतो तो मोठा, त्याला ऊन सोसतं, धोंडीला तोच घ्यायचा. विहिरीतला टपटप पाण्यावरून पळतो, तो हाताला लागत नाही. मोरीत भिंतीला चिकटून बसतो, तो नाजूक. अंगणातला खरखरीत भेक तर अजिबात घ्यायचा नाही, त्याच्या अंगातून दूध सुटतं, कुत्र्यानं तोंड घातलं तर फेस येतो. आणि फुग्या म्हणून एक असतो, गोल लाडवासारखा. तो मागच्या पायांनी उकरत जमिनीत जातो आणि पाऊस येईपर्यंत झोपतो. ‘त्याला उठवू न्हाई, त्यो उपाशी असतो,’ असं ती म्हणायची.

गेल्या साली आषाढ कोरडा चालला. बोअर गेले, गावाला टँकर लागला. बारवेच्या तळाला हिरवं पाणी होतं, पण बेडूक नाही. धोंडीची काठी धरणारा कल्याण आणि त्याची दोस्तमंडळी दोन दिवस हिंडली आणि शेवटी ओढ्याच्या काठची माती खणून एक फुग्या घेऊन आली. केशर म्हणाली, हा नको. भिमाजीआबा म्हणाले, आता काय बेडूक पुण्याहून मागवायचा? सगळा गाव तोंडाकडं बघत होता. केशरनं बांधला, पण तिचं मन नव्हतं. माझ्यासमोर बांधला. गाठ नेहमीसारखी सैल होती, मी डोळ्यानं पाहिलेली आहे.

आता तिची सून दिपाली. दोन वेळा तिचं पोट पडलं, दोन्ही वेळा श्रीगोंद्याकडं उसाच्या फडात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचं पोट काय दगडाचं असतं? पण माझ्या गिरणीत बाया कुजबुजायच्या की केशरची सून पांढऱ्या पायाची आहे. मी दोघी-तिघींना दळण तसंच परत देऊन हाकललं. तिसऱ्यांदा दिवस गेले तसा केशरनं हट्टच धरला, पोरगी उसाला जाणार नाही. तिचा मुलगा वाल्मिक नागापूरला एमआयडीसीत कामाला लागला आणि दिपाली घरी राहिली. धोंडी निघाली तेव्हा तिला तिसरा महिना होता.

पोरगी बिचारी जिवाला जपत होती. टँकरच्या पाण्यात टाकायला जंतू मारायच्या औषधाची बाटली मिळाली होती, घागरीला चार थेंब. दिपालीनं विचार केला, पोटात जीव आहे, थोडं जास्तच टाकू. नाकात झिणझिण्या येतील असं पाणी. धोंडी घरोघर फिरत दारात आली, दिपालीनं तांब्या भरला आणि त्याच पाण्यानं फुग्याला न्हाऊ घातलं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो, हे केशरला माहीत, तिला कुठलं? पाल्यात त्यानं दोन-चार लाथा झाडल्या. मग काहीच नाही.

पाल्याआड कुणाला दिसलं नाही. केशरला वास आला, तिनं फडक्याला हात लावून पाहिला आणि समजली. गिरणीच्या दारातून मी बघत होते, मीही समजले. दिपाली पांढरीफटक पडली. केशर तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि पोरांना म्हणाली, चला पुढं. उरलेल्या सगळ्या घरांपुढं तो मेलेला जीव तिनं फिरवला.

बारवेवर गाव जमलं. आबा म्हणाले, सोड की आता. केशरनं फडकं सोडलं आणि तळहात पुढं धरला.

“मेलाय त्यो,” ती म्हणाली. “माझ्या हातनं गेला. गाठ आवळली.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडं डोळे वटारले. काय करणार, सुनेची लाज तिनं विकत घेतलेली, मी कशी परत करू?

पंगत झाली नाही. पाऊस शेजारच्या गावात पडला, आमच्या शिवारात नुसता शिंतोडा. झालं, मग काय विचारता. केशरला हळदीकुंकवाला बोलावणं बंद. ती गिरणीत आली की बाया आपापले डबे उचलून दारात जाऊन उभ्या राहायच्या. ज्या हातानं इतकी वर्षं गावाचा बेडूक सांभाळला, त्या हाताचं पाणी नको झालं. ती कुणाला काही बोलली नाही. मी एकदा चिडून विचारलं, किती दिवस सोसणार गं? ती म्हणाली, पोरगी मोकळी होऊ दे. पोरगी मोकळी झाली, नात झाली, तरी ही गप्पच.

यंदा पुन्हा आषाढ कोरडा. धोंडी काढली, बेडूक बांधला आबांच्या सुनेनं, ज्योतीनं. कुठून तरी भेक धरून आणला आणि सुतळीनं करकचून आवळला. केशर दारात तांब्या घेऊन उभी होती. नात कडेवर होती. काठी घेतलेली पोरं आली आणि मान खाली घालून तिच्या दारावरून तशीच पुढं गेली. ती तांब्या धरून उभीच राहिली. देवाशपथ सांगते, मला रडू आलं.

तेवढ्यात घरातून दिपाली धावत आली. केशरच्या हातातला तांब्या घेतला आणि काठीपुढं जाऊन वाट अडवली.

“गेल्या साली बेडूक माझ्या पान्यानं गेला,” ती म्हणाली. “औषिध मी टाकलं हुतं. आत्यांची गाठ सैल हुती.”

सगळे थांबले. बायांच्या नजरा दिपालीवरून हळूहळू केशरच्या कडेवरच्या पोरीकडं सरकल्या, पांढऱ्या पायाची म्हणायला आता त्यांना ती सापडली होती. केशरला ते माझ्याआधी दिसलं. तिनं पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं.

“तुला शपथ घातली हुती,” ती दिपालीला म्हणाली.

“पोटातल्याची घातली हुती, आत्या. ती आता पोटात न्हाई.”

केशर उंबऱ्यावर बसली. पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं, कधी कुठली गाठ तिनं तशी आवळली नसेल.

“येडे,” ती म्हणाली, “माझं सगळं वरीस पान्यात घातलंस.”