मी 'खुशाल घाला' म्हणालो आणि कुरडया गेल्या

मित्रांनो, आज मला माझ्याच विषयाची लाज वाटली.

क्रांती चौकाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या सुशीलाताई उन्हाळ्यात ऑर्डरच्या कुरडया करतात. मी भूगोल शिकवतो, म्हणून काल त्यांनी विचारलं, "सर, उद्या ऊन राहील ना?" मी मोबाईलवर बघून म्हणालो, "खुशाल घाला."

तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक त्यांनी पहाटे शिजवला आणि गच्चीभर कुरडया घातल्या. दुपारी गारा आल्या. आम्ही धावत वर गेलो तोवर सगळा लगदा झाला होता.

तिथंच मी समजावत बसलो. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. दूर समुद्रावर मोठे ढग बनताना अशीच प्रचंड उष्णता सुटते. तिच्यामुळं कधी कधी आभाळात फार उंचावरून वाहणारा वेगवान वारा वाकतो आणि भलतीकडंच पाऊस पडतो. अंदाज तिथं चुकतात.

ताईंनी हात पुढं केला. मनगटावर पहाटेचा चटका होता. "वाफ काय करती ते मला नका सांगू सर. अंदाज चुकतो हे तुम्हाला काल ठाऊक नव्हतं व्हय?"

ठाऊक होतं. बावीस वर्षं तेच शिकवतोय.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "अर्धा चीक बाकी हाय. परवापर्यंत टिकणार नाय. उद्या घालू का?"

तेव्हापासून दार लावून बसलोय. तुम्ही काय सांगितलं असतं?