आमचे अकरा फोटू

माझा नवरा गरीब सभावाचा हाय, असं लोक म्हणत्यात. गरीब कसला, मऊ हाय. सुदर्शन त्याचं नाव. रोज सकाळी वाडीवरनं खाली डिंगोऱ्याला डेअरीत दूध घालायला जातो, म्हणून अख्ख्या वाडीचे कागद त्याच्या फोनात. रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक. बाकीच्यांकडं साधे बटणाचे फोन, आन घरातल्या कागदांना उंदरं लागलेली. खाली हापिसात कुणाचं काय मागितलं की हा फोन काढून दाखवतो.

त्यात वाडीत तीन गोजरबाई, आडनाव एकच. एकदा एकीचं पासबुक दुसरीच्या पेन्शनच्या अर्जाला लागलं. दोघी वर्षभर माझ्याच दारात भांडल्या. तवापासनं ह्यानं नियम काढला, ज्याचा कागद त्यानं छातीशी धरून उभं राहायचं, मगच फोटू काढायचा.

माझ्या भावानं ह्याला चाकणला कंपनीत लावायचं ठरवलंय, त्याला दोन वर्षं झाली. खोली बघितली, आमच्या आरोहीची शाळा बघितली. निघायचं म्हटलं की कुणाचा तरी अर्ज अडतो. हा म्हणतो, "एवढं एक झालं की जाऊ." मला त्या वाडीत कोंडून घातल्यागत झालंय, सरळ सांगते.

मग देवानं माझं ऐकलं आन फोन फोटूंनी गच्च भरला. बॅटरीबी फुगली, म्हंजी तो काय टिकत नाय. मी मनात म्हटलं, आता सुटले. नवा फोन बारका घ्यायचा, त्यात आमचं तेवढंच घालायचं आन चाकण गाठायचं.

जुन्नरला समर्थचं दुकान हाय, तिथं गेलो. तो म्हणाला, "वहिनी, चौसष्ट जीबीचा घ्यायचा का एकशे अठ्ठावीसचा? चौसष्टातलं निम्मं फोनच खातो. जुनं समदं घातलं तर महिन्यात परत भरंल. तुमचं घरचंच असंल तर चौसष्ट लई झाला."

"घरचंच," मी म्हटलं. "चौसष्ट द्या."

समर्थनं घरचे फोटू निवडायला सांगितले. आमी बाकड्यावर बसून शोधले. हजारांत आमचे निघाले अकरा. त्यातल्या एकात आरोहीच्या वाढदिवसाला मागं वाडीतली सारजाबाई पासबुक धरून उभी. लगीन होऊन नऊ वर्षं झाली आन आमचे अकरा फोटू. मला रडूच आलं, मग राग आला.

"बाकीचं पुसा," मी म्हटलं.

सुदर्शननं फोन माझ्या हातात दिला. "तूच पूस. मला नाय जमायचं."

पुसते की, मला काय. पहिली निघाली ठमाबाई. आधारकार्ड छातीशी धरलेलं, केस चापूनचोपून बसवलेले. ते मीच विंचरले व्हते. फोटू काढायचा म्हणून ती सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली व्हती, फणी घेऊन. कार्डावरचा सोडला तर जन्मात तिचा दुसरा फोटू नाय. मागं सरकवलं तर पहिली गोजरबाई, मग दुसरी, मग तिसरी. समदी नीटनेटकी होऊन आलेली, समदी माझ्याकडंच बघत्यात. कोरा कागद असता तर मी डोळे झाकून पुसला असता. ह्यानं माणसं घालून ठेवली राव त्यात.

समर्थ वाट बघत व्हता. गिऱ्हाईक खोळंबलं व्हतं.

"एकशे अठ्ठावीस द्या," मी म्हटलं. सुदर्शननं माझ्याकडं बघितलं. मी नाय बघितलं. त्याच्यावर आजबी माझा राग हाय, आन माझ्यावर जास्ती.

समदं नव्या फोनात जाईस्तवर दीड तास गेला. एसटी स्टँडवर आलो तवा भावाचा फोन आला, नव्या फोनावरचा पहिलाच.

"काय ताई, कधी येताय?"

म्हटलं, "दिवाळी झाली की."

कुठली दिवाळी, ते त्यानं इचारलं नाय.