उरलेली अर्धी प्रार्थना

देवाशी तुम्ही बोलता, हे मला मान्य आहे. पण उत्तरासाठी कधी थांबता का?

आमच्या खालच्या मजल्यावरची मावशी थांबायची. अख्ख्या वर्तकनगरात देवाला तिच्याइतका कमी त्रास देणारं माणूस नसेल. किल्ली हरवली की हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीचा पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा, सापडेपर्यंत शिक्षा. नळाला पाणी आलं नाही की मरियामाता. थेट देवाकडे जाणं तिला उर्मटपणाचं वाटायचं. ती कॅथलिक, मी प्रोटेस्टंट घरातला, वडिलांनी छापलेल्या पत्रकांवर वाढलेला. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हे मी तिला दर रविवारी बजावायचो. ती चहा द्यायची, पत्रक घ्यायची आणि घडी घालून अंतोनीच्या डुगडुगत्या स्टुलाखाली सारायची. "जाड कागद हाय रे तुज्या धर्माचा," म्हणायची.

रोज संध्याकाळी सातला तिची जपमाळ. ती म्हणायची पद्धत अशी, की प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली दुसऱ्याने. उरलेली तिचा नवरा म्हणायचा. कारखान्यात फिटर होता. तो वारून चार वर्षं झाली होती. तरी मावशी आपली अर्धी म्हणून थांबायची, उरलेल्या अर्ध्या प्रार्थनेला लागतो नेमका तेवढा वेळ, आणि मग पुढचा मणी. एकदा तर मधेच त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "हळू बोला, घाई कसली, कारखान्याचा भोंगा झालाय का?" तिथे कुणी नाही, मेलेल्यांशी बोलू नये, थेट प्रभूशी बोलावं, असं मी तिला पुष्कळ समजावलं. तिने कपात चहा ओतता ओतता विचारलं, "तू थेट बोलतोस ना? मंग तो काय म्हंतो?"

मी इतकी वर्षं बोलतच आलो होतो.

यंदा उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. एका संध्याकाळी गेलो तर माळ पहिल्याच मण्यावर अडलेली. म्हणाली, "आज ते बोलत नाय रे. अर्दीच ऱ्हायली." इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझी सगळी पत्रकं मला पाठ होती. ती अर्धी प्रार्थना मात्र मी कुठे शिकलो नव्हतो, आणि त्या खोलीत तर ती कधी ऐकलीच नव्हती. तरी तोंड उघडलं आणि ती आली, न अडखळता, शेवटपर्यंत. मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. खुर्चीकडे बघून हसली. "हळू बोला," म्हणाली, "भोंगा झालाय का?"

आता तिच्या दाराला कुलूप आहे. सात वाजता मी जिन्यात जरा थांबतो.

तुमच्या शेजारी कुणी अर्धं म्हणून थांबलं असेल, तर वाद नंतर घाला. आधी उरलेलं अर्धं म्हणा.