जॉबरमामांच्या फोनची शेवटची रेघ

संयम हा माणसाचा सर्वांत थोर गुण आहे, असं जॉबरमामांकडे पाहून वाटे. प्रत्यक्षात ते फक्त मोबाइलची बॅटरी संपायची वाट पाहत असत.

मामा शेलार गावचे. भिवंडीत मी ज्या यंत्रमाग कारखान्यात कारकुनी केली, तिथे जॉबर म्हणून तीस वर्षं माग दुरुस्त करत होते. धोट्यातल्या कांडीवरचं सूत पुरतं संपल्याशिवाय ती बदलायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम. फोन घेतल्यावर तोच त्यांनी बॅटरीला लावला. "अर्ध्यावर चार्जिंगला लावली का बॅटरीला आळस लागतो," असं ते सगळ्यांना सांगत, विचारलं नसलं तरी.

मी एकदा फोनबरोबर आलेली पुस्तिका वाचून दाखवली. या बॅटरीला मध्येच चार्ज केलेलं चालतं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"लिवणाऱ्यानं कवा माग चालवला हाय का?"

"नाही."

"मंग?"

मी पुस्तिका पुन्हा चाळली. मागाविषयी तिच्यात काही नव्हतं.

फोन त्यांनी घेतला होता तो लेकीसाठी. ती कशेळीला दिलेली. पहिलं बाळ दगावलेलं, दुसऱ्याचे दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी आत नेण्याआधी बाबा जवळ हवेत, एवढंच तिचं मागणं होतं, आणि मामांनी शब्द दिला होता.

त्या सकाळी फोनवर एकच रेघ होती आणि दुपारी लोडशेडिंग होतं. मी म्हटलं, "मामा, लाइट आहे तोवर लावा."

"एक रेघ हाय अजून. घाई न्हाय."

लाइट गेली. माग थांबले. थोड्या वेळाने रेघही गेली. कारखान्याचा फोन शेठच्या कुलूपबंद केबिनमध्ये. संध्याकाळी जावई मोटारसायकलवर आला आणि दारातूनच ओरडला, "अहो, फोन बंद तुमचा! मुलगी झाली."

मामा पोचले तेव्हा लेक पाळण्याकडे बघत होती. "शेवटपर्यंत फोन लावत होते, बाबा," एवढंच ती म्हणाली. हे मला त्यांनीच सांगितलं, एकदाच, आणि लगेच पान्हे पुसायला घेतले. स्वच्छच होते ते.

त्यानंतर बॅटरीच्या आळसाविषयी ते बोलले नाहीत. लाइट असेल तिथे, चहाच्या टपरीवरसुद्धा, फोन लावून शेजारी उभे राहत. बॅटरी फुगली, मागचं झाकण बसेना. त्याला त्यांनी रबरबँड लावला. "पुस्तकात हे हाय का?" मी न विचारता त्यांनी एकदा विचारलं. ते नव्हतं. लेक मात्र आता स्वतः फोन न करता जावयाकडे निरोप देई, आणि जावई ते कधी देई, कधी विसरे.

दोन वर्षांनी मामा गेले. घरात फोन चार्जिंगलाच होता, सगळ्या रेघा भरलेल्या. लेकीने तो हातात घेतला. एक मिस्ड कॉल होता. नवी रिंगटोन घ्या, हे सांगायला कंपनीने केलेला.