इंजिनाच्या जागी अडकित्ता

निर्णय न घेण्याच्या कामात माझ्या साडभाऊंचा हात धरील असा माणूस अख्ख्या विदर्भात झाला नाही, आणि होऊही नये. सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची त्यांची नोकरी. रेघ ओढण्यापूर्वी ते पेन्सिलीला इतकं टोक करीत, की रेघेची वेळ येईपर्यंत निम्मी पेन्सिल संपलेली असे. बाजारात ढिगातलं प्रत्येक वांगं उलटंसुलटं करून पाहत, आणि भाजीवालीनं वैतागून टोपलीवर फडकं टाकलं की रिकामी पिशवी घेऊन घरी येत. ‘काय आणलं?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं, ‘पाहून राहिलो.’ आमच्या नागपुरात या दोन शब्दांवर माणूस जन्म काढू शकतो. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी झटक्यात ठरवली. सावनेरला मुलगी पाहायला गेले आणि पोहे यायच्या आधीच ‘हाव’ म्हणून मोकळे झाले. ती मुलगी म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणत असू.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास त्यांनी विमान बांधायला घेतलं. जमिनीवर उभं राहून रेडिओनं चालवायचं, हलक्या लाकडाचं, चांगलं तीन हात पंखांचं. रेडिओ विलायतेहून परतलेल्या एका मित्रानं दिला. पंखांवरचं रेशमी कापड ताईनं चिकटवलं, एक सुरकुती पडू दिली नाही. राहिलं फक्त इंजिन. एक जात डिझेलची, दमदार पण जड. दुसरी स्पिरिटची, हलकी पण नखरेल. सीताबर्डीवरचा एक दुकानदार कलकत्त्याहून इंजिनं मागवून ठेवी. साडभाऊ दर आठवड्याला जात, वजन, ताकद, आवाज सगळं वहीत दोन रकान्यांत उतरवून घेत आणि हात हलवत परत येत. मी चिडवलं की म्हणत, ‘इंजिन म्हणजे काय वांगं आहे का गा? आणलं अन् चिरलं?’ जसं काही वांगं त्यांनी कधी आणलं होतं!

इंजिन नाही तोवर तोल पाहायला विमानाच्या नाकात वजन हवं होतं. ताईला सुपारी लागे. तिचा पितळी अडकित्ता उचलून त्यांनी इंजिनाच्या जागी दोऱ्यानं करकचून बांधला. तोल असा काही जमला, की सोडवायची त्यांची छाती होईना. उलट इंजिन आता अडकित्त्याच्याच वजनाचं हवं अशी नवी अट आली. ताई बिचारी बत्त्यानं सुपारी फोडू लागली. ‘अवो, तुमचं इमान उडन तवाच माझा अडकित्ता भेटन मले,’ असं म्हणे आणि स्वतःच हसे. दोन वर्षं ती तशी हसत होती.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. साडभाऊंनी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, मग तिसऱ्याला, मग सावनेरच्या एका वैद्याला. वही तीच. इंजिनांची पानं संपली तिथून डॉक्टरांची मतं सुरू, तशीच दोन रकान्यांत. मी विचारी, ‘भाऊ, काय ठरलं?’ ‘पाहून राहिलो.’ आणि मी हसे. सवयीनं हसे. त्याची मला आजही लाज वाटते. चार महिने असे गेले. शेवटी ताईच म्हणाली, ‘अवो, आता पाहणं पुरे झालं. मले घेऊन चला.’ डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. पुढचे तीन आठवडे ती खाटेवर होती. नवऱ्याला तिनं एका शब्दानंही बोल लावला नाही. मी मात्र घाटावरून परतताना त्यांच्याशी बोललो नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी साडभाऊ सीताबर्डीला गेले. दुकानदारानं सवयीनं सगळी खोकी मांडायला घेतली, तर म्हणाले, ‘हाताशी असन ते द्या.’ वजन विचारलं नाही, खोकं उघडूनही पाहिलं नाही. हे कळलं तेव्हा न राहवून मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर विमान, बाजूला इंजिन, त्यांच्या हातात ब्लेड.

‘बसवत काहून नाही?’ मी विचारलं.

‘रोज बसतो गा ब्लेड घेऊन. दोरा तेवढा कापाचा आहे.’ ते अडकित्त्याकडे पाहत होते. ‘इमान उडन तवा भेटन, म्हणे ती. आता सोडून कोणाले देऊ?’

माझा राग तिथेच संपला.

साडभाऊंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विमान आमच्याकडे आलं, कपाटावर आहे. पंखांचं रेशीम पिवळं पडलंय, दोरा मात्र तसाच घट्ट. परवा धूळ झटकताना आमची ही म्हणाली, ‘अवो, ताईचा अडकित्ता सोडून द्या ना मले. कामात तरी येईन.’

मी ब्लेड आणली, स्टुलावर चढलो आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

‘काय झालं?’ खालून तिनं विचारलं.

‘पाहून राहिलो,’ मी म्हणालो.