औषध तेच, पण उंड्यात

मागच्या बुधवारी राजुरीला घरी होतो. चार दिवसांची सुट्टी, त्यातला एक दिवस मोरबीहून येण्यातच गेला... तिकडं टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. तीन वर्षांत ही चौथी नोकरी, एका जागी बूड टिकत नाही माझं.

आईच्या छातीत कॅन्सरची गाठ आहे. पहिल्या केमोनं गाठ लहान झाली, केस गेले, आम्हाला वाटलं सुटलो. मग त्याच औषधाला ती दाद देईना... परत वाढायला लागली.

आदल्या दिवशी पुण्यात डॉक्टर मॅडमनी नवीन इंजेक्शन सांगितलं. औषध तेच, पण डोळ्याला न दिसणाऱ्या प्रोटीनच्या कणात बांधलेलं. पुढं बरंच समजावलं, कागदावर चित्रही काढलं... पण 'औषध तेच' याच्या पुढं आबांनी, माझ्या वडिलांनी, ऐकलंच नाही.

घरी येऊन आबा अडून बसले. आमच्याकडं टोमॅटो असतो. एकच फवारणी परत परत मारली की अळी निबर होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

"तेच औषध परत? आळी मरत न्हाय, वर माजती. कशाला तिला आजून सुया टोचायच्या?"

त्यांचं चूक म्हणता येईना आणि मला सांगता येईना. नववी नापास माणूस मी... मोबाइलवर 'नॅनो' शोधलं तर शेतात मारायचा युरियाच वर आला.

शेवटी मॅडमचा कागद काढला. एक गोल, गोलाला दारं, दारातून बाहेर जाणारे बाण. गाठीतल्या पेशी औषध आत आलं की बाहेर फेकायला शिकल्यात... म्हणून ते दारांना ओळखू येऊ नये असं बांधून आत पाठवायचं, आत गेल्यावर सुटतं. माझ्या डोक्यात राहिलं तेवढं सांगितलं.

आई शेंगा फोडत बसली होती.

"मंग हे उंड्यावानी झालं की," ती म्हणाली.

आईच्या माहेरी अजून मेंढ्या आहेत. जंताची कडू गोळी मेंढी थुंकून टाकते, म्हणून बाजरीच्या पिठात गूळ घालून उंडा करतात आणि गोळी त्यात दडवतात.

"अवं, गोळी तीच आसती. उंड्यात दिली की पोटात जाती. ह्यो तुमचा ल्योक तरी काय येगळा व्हता? गोळी गालात धरायचा आन गोठ्यामागं जाऊन थुंकायचा."

"समद्याच मेंढ्या वाचत्यात व्हय?" आबा म्हणाले.

"न्हाय वाचत. पर म्हनून द्यायची ऱ्हात न्हाय कुनी."

आबांनी शेंगांची टरफलं गोळा केली. मग उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि दवाखान्याची फाइल तिच्यात घातली.

खात्री मॅडमनीही दिलेली नाही. बघू म्हणाल्यात...

मी आळेफाट्यावरून गाडी धरून परत आलो. सोमवारी आईला नवीन औषधाचं सलाईन लागलं तेव्हा ड्युटीवर होतो. दुपारी फोन केला तर आवाज पार खोल गेलेला.

"गेली का गं गोळी?"

"गेली. आजून तरी थुंकली न्हाय," आई म्हणाली.

फोन ठेवून फोर्कलिफ्ट परत चालू केली. दवाखान्यात एवढी रांग असताना मॅडमनी पाच मिनिटं काढून ते चित्र काढलं, त्यांचे उपकार... कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय. आईचे सगळे डोस होईपर्यंत तरी ही नोकरी सोडायची नाही, एवढं ठरवलंय.